परातीतली नदी

वैनी,

तू गेल्यापासून तुझी मोठी पितळी परात कुणी ओट्याखालून काढली नव्हती. कणीक आम्ही दोन लहान परातींत भिजवत होतो. हात आखडायचे, पीठ सांडायचं. परवा मी ती ओढून काढली, चिंचेने घासली आणि कणकेऐवजी तिच्यात पाणी ओतलं. रेश्मा लाटणं हातात धरून बघत राहिली.

“मंगलताई, हे काय?”

“व्हिएतनाम,” मी म्हटलं.

मग आम्ही दोघी रडलो, आणि कमलमावशी ओरडली की बायांनो, तव्यावर पोळी जळतेय.

तू जाऊन अजून महिना झाला नाही. सगळे म्हणतात, मंगल, तू जवळची होतीस, चार शब्द लिही. चार शब्दांत बसायला तू काय लहानखुरी होतीस? आणि माझी शाळा सुटून इतकी वर्षं झाली की ऱ्हस्व-दीर्घ रेश्मालाच बघायला सांगणार आहे. पण लिहिणार मीच. रडगाणं नाही गायचंय मला. मला तुझी मिरवणूक काढायचीय.

भटवाडीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, चार शेगड्या आणि पवईच्या ऑफिसांत जाणारे आपले डबे. एवढ्या जिवावर तू दर मे महिन्यात आठवडाभर स्वयंपाकघराला कुलूप लावायचीस आणि आम्हा बायकांना घेऊन निघायचीस. गणपतीपुळे, हंपी, अमृतसर. नियम एकच. त्या आठवड्यात कुणाच्याही हाताला पीठ लागता कामा नये. हंपीला जाताना मी चोरून दशम्या घेतल्या होत्या, त्या तू गाडीत पकडल्यास.

“वर्षभर दुसऱ्यांना वाढतेस ना? आता बस. कुणीतरी तुला वाढू दे.”

दशम्या समोरच्या बाकावरच्या पोरांना वाटून टाकल्यास. मी रुसले. पण हंपीच्या खानावळीत एका पोराने येऊन “अम्मा, राइस?” विचारलं आणि मी ताट उचलून स्वयंपाकघराकडेच निघाले. त्याला वाटलं, मला काही नकोय. खरं म्हणजे कुणी वाढत असताना बसून राहायचं कसं, ते मला येतच नव्हतं. तू माझा पदर धरून खाली बसवलंस. असल्या गोष्टीसुद्धा कुणीतरी शिकवाव्या लागतात.

मी तुझ्याकडे आले तेव्हा तुला ‘तुम्ही’ म्हणायचे. आमच्या हिंगोलीकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. आठवडाभर तू ऐकून घेतलंस, मग एका सकाळी कोथिंबीर निवडता निवडता भडकलीस. “तुमी-तुमी काय करतंस गो? मी काय तुजी सासू?” रागावलीस किंवा खूश झालीस की तुझ्या तोंडी मालवण यायचं. बाकी वेळ तू घाटकोपरची. त्या दिवसापासून तू ‘तू’ झालीस. लग्न होऊन या गावात आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला तरी ‘तू’ म्हटलं, आणि त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला इथे राहता येईल.

ह्या व्हिएतनामच्या डोंगरांचं खूळ निघालं ते गणपतीत. मोदकांच्या ऑर्डरी होत्या. तू मोठ्या मोदकपात्राचं झाकण काढलंस, वाफ वर गेली, आणि आत ओळीने उभे मोदक अर्धे दिसायला लागले, अर्धे धुक्यात. तू तशीच थांबलीस. झाकणातलं पाणी तुझ्या पायावर गळत होतं.

“ह्यांच तां!” तू ओरडलीस.

भिंतीवर किराणावाल्याचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी तू ते काढू दिलं नव्हतंस, कारण त्यावरचं चित्र. टोकदार, झाडांनी भरलेले हिरवे डोंगर, एकमेकांना न चिकटता उभे, आणि त्यांच्यामधून वळत गेलेली नदी. मोदकपात्रातलं आणि भिंतीवरचं, दोन्ही सारखंच.

मी म्हटलं, “असे डोंगर नसतात, वैनी. डोंगराला पठार असतं, कडा असतो. हे कुणीतरी बसून रंगवलंय.”

“नसतात? तू किती डोंगर बघितलेस गं?”

“तू किती बघितलेस?”

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

रेश्माने फोनवर शोधून काढलं. व्हिएतनाम, निन्ह बिन्ह. चुनखडीचे डोंगर. लाखो वर्षं पाण्याने दगड विरघळवला आणि जो उरला तो असा उभा आहे. तू ते दोनदा वाचून घेतलंस. “पाण्याने खाल्लेले डोंगर,” तू म्हणालीस, “आणि उरलेत ते बघा, केवढ्या तोऱ्यात!” मग रेश्माने व्हिडिओ लावला. नदीत लहान लहान होड्या, आणि वल्हवणाऱ्या बाया मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतायत.

“हात मोकळे ठेवून करतात काय?” कमलमावशीने विचारलं.

“आराम,” रेश्मा म्हणाली.

“शी! तेवढ्यात शंभर पोळ्या लाटून झाल्या असत्या.”

सगळ्या हसलो. मी पण हसले, पण माझं लक्ष बायांच्या पायांकडे नव्हतं. होडीचा काठ पाण्याच्या किती जवळ होता ते मी बघत होते. वीतभर. वीतभरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर तू ही परात मधोमध ठेवलीस. उरलेल्या उकडीचे डोंगर करून तिच्यात उभे केलेस, मधून पाणी सोडलंस आणि एक तमालपत्र तरंगायला ठेवलंस. तुझं प्लॅनिंग हे असं. लोक नकाशे बघतात, तू उकड मळलीस. “ही नदी. ह्या बाजूला भात, ह्या बाजूला भात. आपण ह्या पानात बसलोय. इथे डोंगराच्या पोटातून बोगदा आहे, त्यातून होडी पलीकडे निघते. मंगल, फुंकर मार, पान पुढे ने.”

मी उठून बाहेर गेले.

तू मागे आलीस. पायरीवर शेजारी बसलीस आणि शेंगा सोलायला लागलीस. वरून मेट्रो गेली. मग मी आपणहून सांगितलं. मुंबईत आल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं, ते.

आमच्या गावाला सातवीपर्यंतच शाळा. आठवीला नदी ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. पूल नव्हता. उन्हाळ्यात चालत, पाऊसकाळात काहिलीतून. काहील म्हणजे गुळाचा रस कढवायची मोठी कढई. तीच पाण्यात सोडायची, आत पोरं बसवायची, आणि एक गडी पोहत पोहत ढकलायचा. पोरांना पोहता यायचं, त्यांना कमरेला भोपळा बांधून विहिरीत शिकवलेलं असायचं. पोरींना कोण भोपळा बांधतो? एके दिवशी मधोमध काहील कलली. मला कुणीतरी वेणीला धरून ओढलं. माझं दप्तर मात्र गेलं. बापाने ओल्या कपड्यांतच मला घरी नेलं आणि म्हणाला, शाळा मोठी का जीव मोठा? तो चुकला असं मी कधी म्हटलं नाही. पण त्या दिवसानंतर मी शाळेत गेले नाही, आणि गुडघ्याच्या वर पाण्यातही गेले नाही.

तू सगळं ऐकलंस. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, आपण म्हैसूरला जाऊ. तू आत गेलीस आणि परातीतलं सगळं पाणी मोरीत ओतून दिलंस.

पण दुसऱ्या दिवशी परात परत आली. पाणी इतकं कमी की तळ दिसत होता. “आज घोट्याएवढं,” तू म्हणालीस. त्याच्या पुढच्या दिवशी थोडं जास्त. “आज पोटरी.” माझ्याकडे न बघता बोलायचीस, कणकेचं सांगावं तसं. मी रागाने पान ढकलायचे आणि कामाला लागायचे. दिवाळी झाली तोवर परात काठोकाठ भरली होती, आणि मी पान बोगद्यातून पलीकडे नेत होते. शंभर वेळा नेलं असेल. परातीत बुडत कुणी नाही, हे मलाही कळत होतं, वैनी. पण माझ्यासाठी रोज एवढं पाणी मोजून वाढवणारं दुसरं कोण होतं?

मग पासपोर्ट. दहावी नाही म्हटल्यावर माझ्या पासपोर्टवर तो शिक्का आला, परदेशात कामाला जायचं तर सरकारला विचारावं लागेल, असा. रेश्माच्या पासपोर्टवर नाही, ती बारावी आहे. मी तो उघडून पुन्हा पुन्हा बघायचे. विमानतळावर सगळ्यांसमोर बाजूला काढलं तर? “बाई, तुम्ही शिकलेल्या नाहीत, तुम्ही थांबा.” ट्रॅव्हलवाल्या भाईने सांगितलं की बेन, फिरायला जाणाऱ्याला त्याचं काही नाही. तरी माझं काळीज ठिकाणावर येईना. तू तुझा पासपोर्ट उघडून माझ्यापुढे टाकलास. तुझ्यावरही तोच शिक्का.

“नववीत सोडली मी,” तू म्हणालीस. “पोळीवर डाग नसला तर गिऱ्हाईक काय म्हणतं?”

“कच्ची आहे म्हणतं.”

“मग? आपण भाजलेल्या आहोत गो.”

आणि त्याच भाईच्या दुकानात, त्याच दिवशी, त्याने विचारलं की ग्रुप लीडर म्हणून कुणाचं नाव टाकू, तेव्हा तू म्हणालीस, “मंगल.” मी तुझ्या दंडाला चिमटा काढला. तू जोरात म्हणालीस, “चिमटे काय काढतेस? घाबरणारी बाईच लीडर पायजे. ती सगळ्यांना मोजते. मी पुढे बघत चालते, माझ्या मागे कोण पडली मला कळत नाही.” माझ्या घाबरण्याला कुणी कामाला लावलं असेल तर तूच.

लीडर झाल्यावर मी पहिलं काम केलं ते तुझ्याशी भांडण्याचं. भाईकडे दुसरंही पॅकेज होतं. हालोंगचा समुद्र. डोंगर तेच, तसेच टोकदार, पण बघायचे मोठ्या बोटीतून. लोखंडी बोट, कठडे, खुर्च्या, जेवण. मी म्हटलं, लीडर म्हणून सांगते, मोठी बोट.

“समुद्राच्या उशाक जल्मलंय मी,” तू म्हणालीस. “माका न्हंय व्हयी, नदी. दोनय बाजूंक पिकलेलां भात व्हयां. मे महिन्यात आपल्याकडे शेतं भाजून काळी पडलेली असतात, आणि तिकडे भात पिवळं झालेलं असतं, होडीतून हात लावता येईल एवढ्यावर. ते बघायचंय मला. काचेतून नाही.”

“कमलमावशीचे गुडघे?”

“माझ्या गुडघ्यांना मध्ये घेऊ नका,” कमलमावशी शेगडीपासून म्हणाली. “मी बसेन. उठवायचं तुमचं तुम्ही बघा.”

त्याच्यावर तू रंगीत तालीम काढलीस. एका रविवारी सगळ्यांना बोरिवलीला नेलंस, गोराईच्या धक्क्यावर. खाडी ओलांडायची आणि परत यायचं. सगळ्या चढल्या. कमलमावशीला दोघींनी वरून ओढलं, दोघींनी खालून ढकललं. ती म्हणाली, “पोतं आहे का मी?” रेश्मा म्हणाली, “पोतं असतं तर हमालाने उचललं असतं.” मी धक्क्यावरच राहिले. तू बोटीच्या काठाला उभी राहून हात पुढे केलास.

“मला भीती वाटते, वैनी.”

“घाबरूचां तर बोटीत बसान घाबर. तिथे उभी राहून घाबरशील तर खाडी कोण बघणार?”

तरी मी नाही आले. बोट गेली. तुम्ही सगळ्या पलीकडे लहान लहान होत गेलात आणि मी धक्क्यावर सगळ्यांच्या चपलांच्या पिशव्या सांभाळत बसले. तू परत आलीस आणि मला रागावली नाहीस. उलट ओला हात माझ्या गालाला लावून म्हणालीस, “बघ, खारं आहे. नदीचं गोड असतं.”

शेवटच्या संध्याकाळीही आपण तेच भांडलो. मी भांडी पालथी घालत होते. म्हटलं, “अजून वेळ आहे, भाईला फोन करू, मोठी बोट करू.” तू दिवा बंद केलास आणि तुझं ते ठरलेलं म्हणालीस, “फाल्या बघूया.” फाल्या म्हणजे उद्या. कुठल्याही भांडणावर तू ‘फाल्या’चं झाकण ठेवायचीस. सकाळी तू उठलीच नाहीस.

तुझा संदेश चांगला पोरगा आहे, वैनी. त्याने आम्हाला परकं केलं नाही. रडता रडता तोच म्हणाला, “मंगलताई, ट्रिपचं तुम्ही ठरवा. आई म्हणायची, ते मंगलचं खातं.” मग भाईचा फोन. “मंगलबेन, बहोत बुरा हुआ. आता कसं करायचं? जाणार? नदी ठेवू का मोठी बोट करू? तुम्ही सांगाल तसं.” बघ, काय वेळ आली. जे मी तुझ्याकडे इतके महिने मागत होते ते माझ्या हातात आलं, आणि अडवायला तू नव्हतीस. मी त्याला म्हटलं, “फाल्या सांगते.” तोंडातून गेल्यावर कळलं.

दहाव्याला आम्ही सगळ्या आलो होतो. आमच्या घरी त्रिशरण म्हणतात, कावळ्याला घास ठेवत नाहीत. तुला ते माहीत होतं आणि भीमजयंतीला तू पातेलंभर खीर घेऊन माझ्या दारात यायचीस. म्हणून मीही उभी राहिले, तुझ्या रीतीत. कमलमावशीने कानात सांगितलं, जिवात काही अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी वचन द्यावं लागतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रेश्मा पुटपुटली, “वाट लागली. आज संध्याकाळपर्यंत इथेच.” काय अडकलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी विश्वास ठेवत नाही, तरी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ‘वैनी, नदीतूनच जाऊ, छोट्या होडीतून, मी बसेन.’ संदेशने घास ठेवला, हात जोडले आणि चार पावलं मागे आला. मी तोंड उघडलं.

आणि कावळा आला. थेट. इकडे तिकडे न बघता घास उचलला आणि गेलासुद्धा.

सगळे “सुटली, सुटली” करून डोळे पुसायला लागले. माझं वाक्य तोंडातच राहिलं. तू माझ्याकडून काही मागितलंच नाहीस. मला जरा रागच आला तुझा. इतके महिने परातीत पाणी वाढवलंस, आणि वचन घ्यायची वेळ आली तेव्हा घास घेऊन उडून गेलीस. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी मनात भांडत होते. मग मोरीत पाय धुताना हात थांबला. कुणीच अडवलेलं नाही. बापाने नाही, तू नाही, कावळ्यानेही नाही. आता मी मोठी बोट घेतली तर ती माझी असेल, आणि होडीत बसले तर तेही माझंच असेल.

त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटी गोराईला गेले. घाटकोपरहून मेट्रो, मग बोरिवली, मग रिक्षा. कुणाला सांगितलं नाही, नाहीतर सगळ्या तमाशा बघायला आल्या असत्या. धक्क्यावर उभी राहिले. एक बोट जाऊ दिली. दुसरीला पाय टाकला. बोट हलली आणि माझ्या तोंडून “आई गं” निघालं. शेजारी टोपलीत भाजी घेऊन एक बाई बसली होती, ती म्हणाली, “पहिली वेळ?”

“हो.”

“घाबरू नको.”

“घाबरणारच आहे,” मी म्हटलं, “पण बसून.”

तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिने टोपली सरकवून जागा दिली. मधोमध गेल्यावर मी डोळे उघडले. वीतभर खाली पाणी. हात घातला, जिभेला लावला. खारं होतं. तू म्हणाली होतीस तसंच.

पलीकडे उतरून मी भाईला फोन लावला. “नदी,” मी म्हटलं. “छोट्या होड्या. सगळ्या जाणार.” तो म्हणाला, “पक्का, मंगलबेन?” मी म्हटलं, “पक्का.”

तर परवा परात काढली ती त्यासाठी. पाणी काठोकाठ ओतलं, उकडीचे डोंगर उभे केले, पान सोडलं आणि सगळ्यांना गोल बसवलं. कुठे वाकायचं, कोण कुणाशेजारी, कमलमावशीला कुणी धरायचं, ते सांगितलं. तुझ्यासारखं जमलं नाही. माझे डोंगर बुटके झाले, रेश्मा म्हणाली, हे वडे आहेत. पण पान पलीकडे गेलं. संदेशही आला होता. तो मागे उभा राहून बघत होता आणि शेवटी म्हणाला, “आईला दाखवायला पाहिजे होतं.” मग कमलमावशी म्हणाली, “दाखवतोय की.”

भात पिकलं असेल आता तिकडे. पिवळं. हात लावून बघेन, तुझ्या वतीने नाही, माझ्याच. तुझ्या वतीने मी तुझं नाव घेईन, मोठ्याने, त्या बोगद्यात, म्हणजे ते घुमेल. विमानतळावर कुणी शिक्क्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार आहे.

एका गोष्टीत मात्र मी तुझं ऐकणार नाही. तू म्हणायचीस, ती फुगीर जाकिटं नकोत, साडीवर फोटो घाण येतो. लीडर मी आहे. सगळ्यांना जाकीट घालायला लावणार, होडीत पाय ठेवायच्या आधी, प्रत्येकीचे बंद मी स्वतः ओढून बघणार. फोटोत आम्ही सगळ्या कमरेला भोपळे बांधलेल्या पोरींसारख्या दिसू. हस तू.

तुझी,
मंगल